गोल्डनचे केस उन्हाळ्यात काढावेत का, आणि त्याला मामांच्या मळ्यावर पाठवावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्याकडून काही चुकीचं समजलं गेलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. इंदिरानगरला वन बीएचके, घरात तुम्ही, पत्नी आणि आई. पत्नीच्या वाढदिवसाला तुम्ही कोणाला न सांगता गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आणलंत. तो ब्रूनो आता आठ महिन्यांचा आणि २८ किलोंचा आहे. केस घरभर, अगदी देवघरापर्यंत. आईंना सकाळी शिंका येतात, आणि त्यांना वाटतं की केस छातीत जातायत. महिन्याला ९,३०० रुपये खर्च होतो. ऊन वाढायला लागलंय, म्हणून तुम्ही विचारताय की मशीन फिरवून त्याचे सगळे केस काढून टाकावेत का. आणि तरीही जमलं नाही, तर निफाडकडच्या मामांच्या द्राक्षमळ्यावर त्याला सोडावं का. पत्नीचं म्हणणं, तो गेला तर मीही माहेरी जाईन.

मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजातून बाहेर पडून नाशिकला दवाखाना टाकला, त्याला तेवीस वर्षं झाली. आधी उत्तर सांगते, मग कारणं. केस काढू नका. मळ्यावर पाठवू नका. कुत्र्याच्या पार्लरचा खर्च कमी करा आणि त्याचं सकाळचं काम उद्यापासून तुम्ही स्वतः करा. आईंच्या शिंका कशाच्या आहेत यावर मात्र बरंच काही अवलंबून आहे. ते कळेपर्यंत कुठलाच निर्णय पक्का धरू नका.

केसांपासून सुरुवात करू. गोल्डनच्या अंगावर दोन थर असतात. वर लांब, जरा राठ केस आणि त्यांच्या खाली कापसासारखी दाट लव. ही जात स्कॉटलंडमध्ये १९व्या शतकात तयार झाली. शिकारीत पडलेले पक्षी गार पाण्यात उतरून उचलून आणायचे, हे तिचं काम. म्हणून वरचा थर पाणी झटकतो आणि खालचा ऊब धरून ठेवतो. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की असा कुत्रा बघूनच आपल्याला उकडायला लागतं, आणि केस काढले तर त्याला बरं वाटेल असं मनापासून वाटतं. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो, बाकीची बहुतेक उष्णता तो धापा टाकून तोंडावाटे बाहेर काढतो. केस कापल्यावर आपल्याला गार वाटतं, कारण डोक्यावरचा घाम वाऱ्यानं वाळतो. त्याच्या पाठीवर वाळायला घामच नसतो. उलट वरचे केस उन्हाचा थेट मारा कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आठवा, बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत गार असायचं. मशीन फिरवणं म्हणजे ती भिंत पाडणं.

दुसरी गोष्ट, काढलेले केस पूर्वीसारखे परत येतील याची खात्री नसते. माझ्याकडे गंगापूर रोडवरचं एक कुटुंब पॉमेरेनियन घेऊन यायचं. एका एप्रिलमध्ये त्यांनी तिचे केस कातडीपर्यंत काढून घेतले. पहिल्याच आठवड्यात पाठीवर ऊन लागून कातडी लाल झाली. जुलैत ती परत आली तेव्हा पाठीवर तळहाताएवढ्या दोन जागा तशाच उघड्या होत्या. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक. केस पूर्ण भरायला जवळजवळ दीड वर्ष लागलं, आणि आले तेही मऊ, लोकरीसारखे. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, पण डबल कोटच्या कुत्र्यांत हे अधूनमधून दिसतं, आणि कोणाच्या बाबतीत होईल हे आधी सांगता येत नाही.

आणि ज्यासाठी तुम्ही हे करणार, ते तर होणारच नाही. केस गळायचे थांबत नाहीत, फक्त आखूड गळतात. लांब केसांचे पुंजके होऊन कोपऱ्यात जमतात, झाडूनं निघतात. आखूड केस सोफ्यात, चादरीत, आईंच्या सुती साडीत सुईसारखे रुततात. ते काढणं जास्त कठीण.

मग करायचं काय? रोज सकाळी गच्चीवर किंवा जिन्याच्या बाहेर दहा-पंधरा मिनिटं ब्रश. घरात नाही. दोन ब्रश पुरतात, एक स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा) आणि एक अंडरकोट रेक. रेक म्हणजे लांब दात्यांची फणी, तिनं खालची मेलेली लव निघते. नुसता वरवर हात फिरवला तर वरचे केस चमकतात आणि खालची लव तशीच अडकून राहते. म्हणून केसांत भांग पाडत, कातडी दिसेल अशा रेघेरेघेनं पुढे जायचं. कानांच्या मागे, मागच्या मांड्यांवर आणि शेपटीच्या मुळाशी जास्त वेळ द्या, गुंता तिथे होतो. पहिल्या दिवशी एक पिशवी भरून केस निघतील, घाबरू नका. ते तसेही तुमच्या हॉलमध्येच पडणार होते. ब्रूनो आठ महिन्यांचा आहे, म्हणजे पिल्लाचा कोट जाऊन मोठ्या कुत्र्याचा येतोय. हे काही आठवडे जास्त गळतीचेच असतात. मोठी जोरदार गळती साधारण वर्षातून दोनदा होते. आपल्याकडे घरात वाढलेल्या कुत्र्यांत थोडी थोडी वर्षभर चालू असते. रोज ब्रश केल्यावर घरातले केस नाहीसे होणार नाहीत, पण पडलेला फरक आईंना नक्की दिसेल.

कैची लावायचीच असेल तर बोटांमधले वाढलेले केस, शेपटीखालचे आणि जांघेतले थोडे कापा. पोटाचा भाग जरा मोकळा असला की फरशीवर पसरून पडल्यावर त्याला गारवा लागतो. आंघोळ तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे, कुत्र्याच्याच शाम्पूनं. आपल्या शाम्पूचा आम्लपणा आपल्या कातडीला जुळेल असा असतो, त्याची कातडी वेगळी. आंघोळीनंतर मुळापर्यंत वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यात नाशिकला सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या गोल्डनपैकी निम्म्यांना मानेखाली किंवा मांडीवर ओली, चिघळलेली जखम असते. बाहेरून कोरडा दिसतो, आत लव ओलीच राहिलेली असते.

एक फरक लक्षात ठेवा. केस गळणं वेगळं आणि टक्कल पडणं वेगळं. गोल चट्टे, सतत खाजवणं, कातडीवर पुरळ, खवले किंवा उग्र वास असेल तर ब्रश बाजूला ठेवा आणि दवाखान्यात या.

उन्हाचा खरा बंदोबस्त वेळेचा आहे. सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर फिरवा. संध्याकाळी साडेपाचला सावली लांब झालेली असते, पण डांबर तापलेलंच असतं. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर टेकवा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजतील. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून हाताला तो आपल्यापेक्षा गरमच लागतो, तो ताप नव्हे. पण धाप थांबत नाही, जीभ गडद लाल झालीय, लाळ घट्ट झालीय आणि चालताना झोक जातोय असं दिसलं तर तो उष्माघात. नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पंख्याखाली धरा आणि ओल्या अंगानंच गाडीत घालून दवाखाना गाठा. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळानं तो टॉवेलच गरम होऊन उष्णता आत कोंडतो.

आता आईंच्या शिंका. आपल्याकडे मोठी माणसं म्हणतात, कुत्र्याचा केस पोटात गेला की दमा होतो. केस पोटात जाऊन दमा होत नाही. पण आईंचं म्हणणं उडवून लावू नका, कारण कुत्र्याची ॲलर्जी खरी असते. फक्त ती केसाची नसते. ती त्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि लघवीतल्या प्रथिनांची असते, केस त्यांना घरभर नेतो इतकंच. म्हणूनही पूर्ण केस काढून उपयोग नाही, कोंडा आणि लाळ तशीच राहते. आईंना ॲलर्जीच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्वचेची चाचणी करून घ्या. घरात कुत्रा आहे हे त्यांना आवर्जून सांगा. माझ्या ओळखीच्या तीन घरांत कुत्र्यावर संशय होता. दोन ठिकाणी धूळ-माइट (घरातल्या धुळीतले अतिसूक्ष्म किडे) निघाले, एका आजींना उदबत्तीचा धूर सोसत नव्हता. चौथ्या घरात मात्र चाचणीत कुत्राच निघाला, आणि त्या बाईंना दमा होता. तिथे मी स्वतः सांगितलं की कुत्र्यासाठी दुसरं चांगलं घर शोधू या. शोधायला दोन महिने लागले. तो आता नाशिकरोडला आहे, लसीकरणाला माझ्याकडेच येतो.

म्हणजे चाचणीत कुत्रा आला आणि छातीला त्रास असेल, तर माझं उत्तर बदलतं. नुसत्या शिंका असतील तर ब्रश बाहेर, आईंची खोली ब्रूनोला पूर्ण बंद, चादरी गरम पाण्यात आणि झाडण्याऐवजी ओलं पुसणं, एवढ्यावर पुष्कळदा भागतं.

पैशांचा हिशेब तुम्ही मोकळेपणानं दिलात, त्यामुळे नेमकं बोलता येतं. कोरडं खाणं ४,८००, पार्लर महिन्यात दोनदा म्हणून ३,०००, कॅल्शियम-व्हिटॅमिन-ओमेगाच्या बाटल्या ९००, बिस्किटं-ट्रीट्स ६००. बेरीज ९,३००. यात गोचिडांचं औषध नाही, जंतांचं नाही, लसींचं नाही आणि आजारपणासाठी एक रुपयाही नाही. म्हणजे दिसायला खर्च भरपूर, पण गरजेची जागा रिकामी.

कॅल्शियमची बाटली आजच बंद करा. तुम्ही मोठ्या जातीच्या पिल्लाचं तयार खाणं देताय, त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वरून आणखी दिलं तर मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाची हाडं बळकट व्हायच्या ऐवजी वाकडी वाढू शकतात. ही सवय आपल्याकडे फार आहे, आणि देणारा माणूस प्रेमानंच देत असतो. बाकीच्या बाटल्याही, तुमच्या डॉक्टरांनी एखाद्या कारणासाठी लिहून दिल्या नसतील तर नकोत. बिस्किटांऐवजी गाजराचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, काकडी. पार्लर दोन महिन्यांतून एकदा ठेवा, नखं आणि नीट ब्लो-ड्राय करून घ्यायला. तेच महिन्याला ७५० पडतं. खाण्याला मात्र अजून वर्षभर हात लावू नका. घरचं खाणं स्वस्त पडतं हे खरं. भात, चिकन, अंडी, भाज्यांवर वाढवलेली उत्तम कुत्री मी पाहिली आहेत, पण वाढत्या वयात त्याचं प्रमाण कोणीतरी बसून काढून द्यावं लागतं. नुसती दूध-पोळी म्हणजे पोट भरणं झालं, पोषण नव्हे.

आता गोचिडांचं औषध महिन्याला ७०० धरा (वजन आणि औषध यांप्रमाणे बदलेल), जंत आणि वार्षिक लसींचे सरासरी ३०० धरा. ४,८०० अधिक ७५० अधिक ७०० अधिक ३००, म्हणजे ६,५५०. यावर दर महिन्याला १,००० वेगळे काढा, पोस्टात, बँकेत, जिथे तुमचा हात सहज जाणार नाही तिथे. तरी ७,५५० होतात. म्हणजे १,७५० वाचले आणि वर्षाला १२,००० ची तरतूदही झाली. हे मी एवढ्या आग्रहानं का सांगते, तर माझ्या टेबलावर रात्री अकराला आलेल्या कुत्र्याच्या मालकाला "खर्च किती येईल?" हा प्रश्न शरमेनं विचारताना मी अनेकदा पाहिलंय. त्यात शरमेसारखं काही नाही. पण तो प्रश्न आधीच सुटलेला असला की माणूस नीट विचार करू शकतो.

गोचिडांचं औषध पैसे वाचवण्याच्या यादीत कधीच घालू नका. आपल्याकडची तपकिरी गोचीड कुत्र्यापुरती थांबत नाही, ती भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. तिच्यामुळे होणारा ताप रक्तातल्या प्लेटलेट्स खाली आणतो. कुत्रा सुस्त होतो, खाणं सोडतो, कधी नाकातून रक्त येतं. वेळेवर कळलं तर चार आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक बरे होतात. उशीर झाला तर रक्त चढवायची वेळ येते, आणि तेव्हाचा खर्च वर्षभराच्या औषधापेक्षा मोठा असतो.

आता घरातलं बोलते. हे माझं क्षेत्र नाही असं म्हणून मी ते टाळत नाही, कारण माझ्याकडे "केस फार गळतात" म्हणून आलेल्या निम्म्या तक्रारी प्रत्यक्षात केसांच्या नसतात. तुमच्या पत्रात मला एक वाक्य अडलं. "आईच सकाळी त्याचं सगळं करते, आम्ही दोघंही साडेआठला निघतो." म्हणजे कुत्रा आणला तुम्ही, भेट मिळाली पत्नीला, आणि काम आलं आईंच्या वाट्याला, ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं. वयाच्या साठीत दिवसातून तीनदा फरशी पुसायची, तीही ज्याला आपण हो म्हटलं नव्हतं त्याच्यासाठी. यात चीड येणं साहजिक आहे. केस हे तिचं दिसणारं रूप. उद्या ब्रूनोचा एकही केस गळला नाही, तरी आईंची तक्रार दुसऱ्या कशावर तरी येईल.

म्हणून त्यांच्याजवळ बसा आणि सरळ म्हणा, "आई, तुला न विचारता आणला, हे चुकलं." पुढे "पण" लावू नका. मग त्यांना विचारा, घरात कुठल्या जागा त्यांना कुत्र्यापासून पूर्ण मोकळ्या हव्यात. बहुधा देवघर, स्वयंपाकघर आणि त्यांची खोली सांगतील. तिथे कमरेएवढं जाळीचं फाटक बसवून घ्या, सुतार एका दिवसात करून देतो. गोल्डन ही फार पटकन शिकणारी जात आहे, "जागेवर जा" हे पंधरा दिवसांत शिकेल, पण घरातल्या तिघांनी एकच शब्द वापरला तर. तुम्ही "प्लेस", पत्नी "बस तिकडे" आणि आई "हो मागे" म्हणाल, तर त्याला काहीच कळणार नाही.

पहाटे साडेपाचला उठून फिरवणं, ब्रश, त्याचं खाणं आणि हॉलची पहिली पुसणी तुमची आणि पत्नीची, आलटून पालटून. दुपारी कोणी नसेल तर आईंनी फक्त पाण्याचं भांडं बघावं, तेही त्यांनी आपणहून हो म्हटलं तर. पत्नीच्या माहेरी जाण्याच्या बोलण्यावर आत्ता वाद घालू नका. तिला भेट मिळालेलं जनावर परत घेतलं जातंय, असं तिला वाटतंय. पण तिलाही हे सांगा की कुत्रा ठेवायचा असेल तर तो आईंच्या श्रमांवर ठेवता येणार नाही. काम वाटलं गेलं की आई विरघळतीलच, असं वचन मी देत नाही. काही घरांत तसं झालेलं पाहिलंय, काही घरांत आई शेवटपर्यंत लांबच राहिल्या, फक्त भांडण थांबलं. तेही पुष्कळ आहे.

आता मळा. यावर जरा जास्त लिहिते, कारण आपल्या नाशिकमध्ये हा उपाय सगळ्यांना सुचतो. मोकळी जागा, मोकळी हवा, कुत्रा खूश. २०११ साली मी स्वतः एका कुटुंबाला हा सल्ला दिला होता. पाच वर्षांचा लॅब्रेडोर, घरात नवं बाळ, जागा अपुरी. निफाड तालुक्यात त्यांच्या नातेवाइकांची वस्ती होती. मीच म्हटलं, पाठवा, तिथे रमेल. दोन महिन्यांनी त्यांची मोठी मुलगी एकटीच दवाखान्यात आली. पडवीत बांधलेला असताना रात्री बिबट्यानं नेला, साखळी आणि पट्टा तेवढा मागे राहिला. ती मला काही बोलली नाही. रडली आणि गेली. त्यानंतर मी तो सल्ला कोणालाही दिलेला नाही.

गोदावरी-कादवेच्या काठच्या त्या उसाच्या पट्ट्यात बिबटे राहतात, उसातच वितात, हे तुमच्या मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. कुत्रा ही त्यांची नेहमीची शिकार. वस्तीवरची गावठी कुत्री तिथे जन्मलेली असतात, अंधार पडला की कुठे बसायचं हे ती शिकलेली असतात, तरीही त्यांतली जातात. सोफ्यावर वाढलेला, कोणालाही बघून शेपूट हलवणारा गोल्डन तिथे किती दिवस टिकेल?

दुसरं कारण खुद्द द्राक्षं. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषारी आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. प्रत्येक द्राक्षात त्याचं प्रमाण वेगळं असतं, म्हणूनच कदाचित एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतात. चिंचेतही तेच आम्ल असतं, म्हणून आमटी-भात देताना सांभाळा. जानेवारी ते एप्रिल मळ्यात मण्यांचा खच पडलेला असतो, आणि गोल्डन तर दिसेल ते तोंडात घेणारी जात. कुत्र्यानं द्राक्षं खाल्लेली दिसली, तर उलटी व्हायची वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत दवाखान्यात आणलं तर आम्ही पोट रिकामं करू शकतो. मिठाचं पाणी वगैरे घरी पाजू नका.

कांद्याचंही तसंच. लासलगाव जवळ असल्यानं आपल्याकडे प्रत्येक भाजीच्या वाटणात कांदा. तो कच्चा, शिजलेला, तळलेला, कसाही असला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात फरक दिसू लागतो. ब्रूनोच्या वजनाला ते साधारण ४२० ग्रॅमपासून पुढे, म्हणजे चार-पाच मध्यम कांदे. एका घासानं काही होत नाही, पण मळ्यावर रोज उरलेली भाजी-भाकरी वाढली तर थोडं थोडं साचत जातं. आठ-पंधरा दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरं फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे (अंकुर) फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाइड, मग बोर्डो मिश्रण, मग एकामागून एक औषधं. मजूर हातमोजे घालतात, हात धुतात. कुत्रा ओल्या वेलींखालून फिरून येतो आणि पंजे चाटतो. तुमचे मामा प्रेमळ असतील, पण छाटणीच्या दिवसांत कुत्र्याचे पंजे धुवायला वेळ कोणाला असतो? आणि "सोडून देणं" म्हणजे खाण्या-पाण्याची व्यवस्था न बघता टाकून जाणं असेल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हाही आहे. तुम्ही तसं करणार नाही हे तुमच्या पत्रावरून दिसतंय. पण मळ्यावर पाठवलेल्या कुत्र्याचं महिन्याभरात नेमकं तेच होताना मी पाहिलंय.

दुसरं घर द्यायची वेळ आलीच, तर शहरातलंच बघा. ज्यांनी आधी कुत्रा सांभाळलाय, दिवसा ज्यांच्या घरी कोणीतरी असतं, जे त्याला आत झोपवतील. आधी दोन रविवार त्यांना तुमच्या घरी बोलवा, मग ब्रूनोला दोन रात्री तिकडे ठेवा. लसीकरणाचं पुस्तक सोबत द्या. पैसे घेऊ नका, पण महिन्यानं बघायला येईन असं ठरवून घ्या. या सगळ्याची घाई करू नका, आधी चाचणीचा निकाल येऊ द्या.

शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की "त्याच्या कानांना थोडा वास येतो, पण ते असतंच ना?" ते नसतं. गोल्डनचे कान लोंबते, आत हवा कमी, आणि पार्लरमध्ये महिन्यात दोनदा आंघोळ, म्हणजे पाणी आत जात असणार. बहुतेक यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) संसर्ग असेल. घरातल्या ज्या वासाबद्दल आई बोलतात, त्यातला बराचसा वास इथूनच येत असावा. कापसाची काडी आत घालू नका, तेल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड टाकू नका, आणि कान तपासून होईपर्यंत आंघोळ घालू नका. तुमच्या जवळच्या पशुवैद्यांकडे याच आठवड्यात न्या, आणि कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. नेण्याआधी दोन दिवस कान पुसू नका, नाहीतर त्यांना बघायला काही उरणार नाही.